एक्केचाळीस ते एकवीस

एक्केचाळीस ते एकवीस या रांगोळीत ठिपके किती, तर बाराशे एकसष्ट. आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी हा आकडा सांगेन. पण दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी सहाशे एक्कावन्न असं सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, तर कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, शेजारी ‘तपासले’ असं लिहिलं होतं आणि सही केली होती. त्या सहीमुळे परक्या देशातून आलेल्या एका मुलीचं वर्ष वाया जायची वेळ आली.

सही करणं हेच माझं काम आहे. मरोळच्या एका कारखान्यात मी तपासणीच्या खोलीत बसतो. पंपांचे सुटे भाग येतात, ते मी मोजतो, तक्त्यात आकडा भरतो आणि सही करतो. मी सही केलेला भाग परत आला, असं एकवीस वर्षांत चार वेळा झालं आहे. चारही मला तारखेनिशी आठवतात.

आम्ही घाटकोपरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. आमची मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. माझ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीतून विचारणा आली, की वांद्र्याच्या एका कला संस्थेत पोलंडची एक विद्यार्थिनी एका सत्रासाठी येते आहे, तिला घरगुती जागा हवी आहे. बायको लगेच हो म्हणाली. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांना द्यावी लागते, तो नियम मी वाचून काढला आणि मग हो म्हणालो.

ही पोलंडची मुलगी बावीस वर्षांची. उंच, अबोल, पायात कायम तेच जाड बूट. पहिल्या आठवड्यातच ती बायकोला काकू आणि मला काका म्हणायला लागली. बायको बालवाडीत शिकवते. ती सगळ्यांशीच चार वर्षांच्या मुलांशी बोलावं तसं बोलते, हळूहळू आणि हातवारे करून. त्यामुळे त्या दोघींचं फार लवकर जमलं. काही अडलंच तर माझ्या बेताच्या इंग्रजीतून मी दुभाष्याचं काम करत असे.

जुलैपासून ती एकच गोष्ट काढत होती. खिडक्यांची ग्रिलं. आमच्या भागातल्या इमारतींना जी लोखंडी ग्रिलं असतात, ज्यांत आपण कुंड्या ठेवतो, पायपुसणी वाळत घालतो आणि ज्यांच्याकडे पुन्हा म्हणून बघत नाही, ती. उगवता सूर्य, मोर, चौकटीत चौकट, कमळ, नुसत्या तिरक्या रेघा. नोव्हेंबरअखेर तिच्या वह्यांत त्रेसष्ट ग्रिलं झाली होती. मी मोजली होती. प्रत्येक रेखाटन निराळ्या घराचं.

पण तिच्या मॅडमना ती पुरेशी वाटेनात. नोव्हेंबरच्या शेवटी ती घरी आली तीच तोंड पाडून.

“मॅडम काय म्हणाल्या?” बायकोने विचारलं.

“रेखाटनं चांगली आहेत. पण त्रेसष्ट खिडक्या म्हणजे इमारत होत नाही, म्हणाल्या.”

वीस डिसेंबरच्या आसपास तिचं अंतिम परीक्षण होतं. त्यात एक मोठं काम मांडायचं होतं. ते मंजूर झालं तरच तिकडचं विद्यापीठ हे सत्र धरणार होतं. धरलं नाही, तर तिची शिष्यवृत्ती थांबणार होती आणि आख्खं वर्ष पुन्हा करावं लागणार होतं. मंजूर झालं तर नाताळला ती मोकळ्या मनाने घरी जाणार होती. हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं, भाताचे चार ढीग करत आणि एकही न खाता.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला. बायको दरवर्षी या गुरुवारी पूजा मांडते आणि पाटाभोवती रांगोळी काढते. मुलगी दारात उभी राहून बघत होती. बायकोने आधी ठिपके घातले, मग ते जोडले. मुलगी वळली. खोलीत गेली, वही घेऊन आली आणि तिथेच फरशीवर बसून तिने ठिपके काढले. त्यांच्यावर तिचं एक ग्रिल बसवून बघितलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. दोन्ही ग्रिलं एकाच ठिपक्यावर येऊन भेटली.

“काकू,” ती म्हणाली, “सगळ्या खिडक्या अशा जोडता येतील?”

बायकोला प्रश्न कळला नाही, चित्र कळलं. “येतील की. ठिपके सारखे असले की काय वाट्टेल ते जोडता येतं.”

असं ते काम ठरलं. एक मोठी रांगोळी, तिच्यात आमच्या परिसरातली ग्रिलं एकमेकांना जोडलेली. मॅडमनीही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कर. किती जागा हवी ते दोन दिवसांत लिहून दे, म्हणजे सुताराला पाट करायला सांगता येईल.

तेव्हा मी मध्ये पडलो. आकड्यांचं काम निघालं होतं आणि मला राहवलं नाही.

“केवढी रांगोळी लागेल?” मी बायकोला विचारलं.

तिने वह्या चाळल्या, बोटांवर काही मोजलं आणि म्हणाली, “एक्केचाळीस ते एकवीस घाल म्हणावं. त्यात बसतील.”

मी मुलीला इंग्रजीत सांगितलं, की पहिल्या ओळीत एक्केचाळीस ठिपके, पुढच्या ओळीत चाळीस, प्रत्येक ठिपका वरच्या दोहोंच्या मध्ये, असं करत एकवीसपर्यंत. मग कागद घेतला. एकवीस ओळी, सरासरी एकतीस ठिपके, म्हणजे सहाशे एक्कावन्न. दोन ठिपक्यांत तीन इंच अंतर धरलं तर रुंदी दहा फूट. ओळींची उंची बावन्न इंच. कडेने जागा सोडून पाट बारा फूट बाय सहा फूट. दोन रेघा. तपासले. सही.

“काका, थँक्यू,” मुलगी म्हणाली आणि तो कागद घडी घालून घेऊन गेली.

पुढचे आठ-दहा दिवस घरात सारखा उदबत्तीचा वास होता. मोठी रांगोळी काढायची तर ठिपके हाताने घालत बसत नाहीत. कागदाला उदबत्तीने भोकं पाडतात, तो कागद जमिनीवर पसरून वरून रांगोळीची पूड चोळतात आणि कागद उचलला की खाली ठिपके उमटलेले असतात. बायकोने तिला ही पद्धत दाखवली आणि मग पोरगी त्यात बुडून गेली. आपल्याच खोलीत तिने जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवून लांबच लांब कागद केला. पट्टीने खुणा केल्या. मग एकेक भोक. एका उदबत्तीत साठ-पासष्ट होत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात बायकोला विचारलं, “काय गं, रोज सत्यनारायण?”

परीक्षणाच्या सहा दिवस आधी, रविवारी सकाळी, कागद पुरा झाला. मुलीने सोफा भिंतीला लावला आणि तो हॉलमध्ये पसरला. भोकांच्या कडा तपकिरी, सगळ्या सारख्या. मी चार ठिकाणी अंतर मोजलं. तीन इंच. तिने कारखान्यात काम केलं असतं, तर मी तिचा माल डोळे मिटून घेतला असता.

बायको हात पुसत स्वयंपाकघरातून आली. बघत राहिली. मग म्हणाली, “छान झालंय गं. दुसरी बाजू कुठाय?”

“कुठली दुसरी बाजू?” मी विचारलं.

“अहो, वरची. एक्केचाळीस मध्ये. खाली चाळीस, एकोणचाळीस करत एकवीस. तसंच वर चाळीस, एकोणचाळीस करत एकवीस.”

“तू एक्केचाळीस ते एकवीस म्हणालीस.”

“मग? एक्केचाळीस ते एकवीस म्हणजे तेच. दोन्ही बाजूंना. कुणीही सांगेल.”

“तू दोन्ही बाजूंना म्हणाली नाहीस.”

“आता ते काय म्हणायचं? चहा मागितला तर कपात द्या असं सांगावं लागतं का?”

मी खाली बसलो. लहानपणापासून आईला आणि बहिणीला ‘पंधरा ते आठ’, ‘अकरा ते सहा’ म्हणताना ऐकलं आहे. ते आकडे कानावरून गेले, पण हाताने एक ठिपका कधी घातला नाही. बायकोने मला एक शब्द दिला आणि मी त्याचा आकडा केला. ज्याची बेरीज बरोबर येते ते बरोबरच असतं, असं धरून चाललो. पूर्ण रांगोळी तीन इंचांच्या अंतराने आठ फूट आठ इंच उंच होणार होती. पाट सहा फुटांचा होता. तो सुताराने करून गेरूचा पहिला हातही त्यावर बसला होता. संस्थेच्या प्रदर्शनाच्या दालनातली बाकी जागा इतर विद्यार्थ्यांमध्ये इंचाइंचाने वाटून झाली होती.

मी मुलीला इंग्रजीत सगळं सांगितलं. माझी चूक, हे आधी सांगितलं. ती कागदाकडे बघत राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, “पण मी अशी बघितली आहे.”

“कुठे?”

तिने आमच्या दाराकडे बोट केलं. म्हणजे दाराच्या पलीकडे, समोरच्या घराकडे.

समोर एक आजी एकट्या राहतात. मूळच्या मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर ते इकडे आले. आजी रोज सकाळी दारात रांगोळी काढतात. मी इतकी वर्षं त्या रांगोळीला वळसा घालून कामावर गेलो आहे आणि ती अर्धी असते हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी दार उघडून बघितलं. उंबऱ्याला लागून अकरा ठिपक्यांची ओळ, मग दहा, मग नऊ, मग आठ, सात, सहा. पुढे चपलांचा स्टँड.

आजी आवाज ऐकून बाहेर आल्या. बायकोने त्यांना घडलेलं सांगितलं.

“अकरा ते सहाच ती,” आजी म्हणाल्या. “पण अर्धी. पंचवीस वर्सां मी अर्धीच घालतंय. पुरी घालूक जागा खय असा? पुढे स्टँड, त्याच्याफुडे जिनो. उंबऱ्याक लावन घातली काय अर्धी पण पुरी दिसता.”

मुलीला यातलं एक अक्षर कळलं नाही. पण आजी बोलताना पायाने उंबरा दाखवत होत्या, ते ती बघत होती.

मी मात्र ऐकायला तयार नव्हतो. चूक माझी होती, ती मला नीट दुरुस्त करायची होती. दुपारभर मी कागद घेऊन बसलो. अंतर तीन इंचांऐवजी पावणेदोन इंच केलं, तर पूर्ण रांगोळी पाच फुटांत बसत होती. आकडे चोख होते. मुलीने एका जागी पावणेदोन इंचांवर तीन ग्रिलं काढून बघितली. तिचं काम असं होतं, की एकेका ग्रिलमधली वाकलेली सळई, तुटलेलं टोक, कुंडी अडकवलेला हूक हे सगळं रेघेत दिसायचं. पावणेदोन इंचांत पूड पुढे सरकून सगळं एकमेकांत मिसळलं. मोर कुठला आणि सूर्य कुठला ते कळेना.

“पण पूर्ण तर होईल,” मी म्हणालो.

“पूर्ण काय होईल?” बायको म्हणाली. “लगदा?”

“मग अर्धवट काम द्यायचं का तिने परीक्षेत?”

“अर्धी म्हणजे अर्धवट नव्हे. आजींना सांगा बरं तुमची रांगोळी अर्धवट म्हणून. लाटणं घेऊन येतील.”

मुलगी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. “काका, काकू काय म्हणतात?”

मला ते भाषांतर करायला वेळ लागला. अर्धी आणि अर्धवट, दोन्हींना मला इंग्रजीत एकच शब्द येत होता. शेवटी मी म्हणालो, की काकूंच्या मते जागेमुळे थांबलेली गोष्ट वेगळी आणि आळसामुळे थांबलेली वेगळी.

ती उठून समोरचा उंबरा पुन्हा बघून आली. मग विचारलं, की दालनाच्या मागच्या भिंतीला दोन झडपांचं एक दार आहे, कायम बंद असतं, त्याला उंबरा आहे. पाट त्या दाराला लावला तर?

दुसऱ्या दिवशी ती मॅडमना जाऊन भेटली. त्या बंद दारासमोरची जागा कुणीच घेतली नव्हती, कारण दारावर काही टांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, “हलव पाट. माणसं तुझी तू आण. पण मला ती अर्धी दिसली, तर गुणही अर्धेच देईन.” संध्याकाळी घरी येऊन तिने हे जसंच्या तसं सांगितलं आणि पहिल्यांदा पोटभर जेवली. मी अजूनही मनातून पावणेदोन इंचांवरच होतो.

परीक्षण शनिवारी दुपारी दोनला होतं. त्या दिवशी मी फोन करून रजा घेतली. सकाळी सातला आम्ही रिक्षाने वांद्र्याला पोचलो. पुढे बायको आणि आजी एका रिक्षात, मागे मुलगी, मी आणि गुंडाळलेला कागद दुसऱ्या रिक्षात. मदतनीस चालतात का, हे मी मुलीला आधीच विचारायला लावलं होतं. चालतात, फक्त पाटीवर तसं लिहावं लागतं. तिने लिहिलं होतं. तरी बायको म्हणाली, “मी एक रेघ ओढणार नाही. परीक्षा तुझी आहे.” आजींनी खुर्ची मागून घेतली आणि त्या उंबऱ्याजवळ बसल्या.

कागद पसरला. पहिली ओळ, एक्केचाळीसची, मी उंबऱ्याला समांतर आहे का ते दोन्ही टोकांना मोजलं. मुलीने तळव्याने पूड चोळली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अर्धा तास. मग कागद उचलायची वेळ आली. चार कोपऱ्यांना चौघं लागणार होते. मुलगी, बायको, मी आणि दालनाचा शिपाई. एकाने जरी जरा आधी ओढलं असतं, तर ठिपके फराटले असते आणि सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं.

“घाई करू नुको,” आजी म्हणाल्या. “सगळ्यांनी एकदम. सरळ वर. दूध उतू जाता तसा.”

बायकोने बालवाडीतल्यासारखं एक, दोन, तीन म्हटलं आणि कागद सरळ वर गेला. खाली लाल गेरूवर पांढरे ठिपके. मी लगेच मोजायला लागलो. बायको म्हणाली, “आता पुरे. तुम्ही पंखे बघा.”

पंखे हे खरंच काम होतं. रांगोळी म्हणजे पूड, वारा लागला की संपली. दालनात आठ पंखे होते. बोर्डावर बटणं सात. आठवं बटण शोधायला मला वीस मिनिटं लागली, ते एका मोठ्या कॅनव्हासच्या मागे सापडलं. मग मी बोर्डाशी उभा राहिलो. इतर विद्यार्थी येत होते, घामाघूम होत होते.

“काका, पंखा लावू ना? वाट लागली गरमीने.”

“दोन वाजता लाव.”

“तुम्ही इथले का?”

“आजच्या दिवस.”

साडेचार तास मी तिथे उभा होतो आणि ती काढत होती. मी तिला असं काम करताना पहिल्यांदाच पाहिलं. घरी ती वहीत वाकलेली असायची. इथे ती पाटावर फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकून सरकत होती, चिमटीतून पूड सोडत होती, आणि रेघ कुठे जाड करायची, कुठे तुटू द्यायची हे तिच्या हाताला कळत होतं. आमच्या स्वयंपाकघराचं ग्रिल आलं. बँकेच्या वरच्या घराचं आलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं आलं. एका सूर्याचा किरण दुसऱ्या घराच्या मोराची शेपूट होत होता. त्रेसष्टपैकी अडतीस ग्रिलं बसली आणि कुठलंही एक कुठे संपतं ते सांगता येईना. मॅडमना जी इमारत हवी होती ती मला दिसली. त्या क्षणी पावणेदोन इंचांचा विषय माझ्यापुरता संपला.

दीडला ती उठली तेव्हा तिला सरळ उभं राहता येईना. बायकोने तिला पाणी दिलं. आजींनी रांगोळीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, “बरी असा.” आजींच्या तोंडून मी याहून मोठी स्तुती ऐकलेली नाही.

दोनला तीन परीक्षक आले. मॅडम आणि बाहेरून बोलावलेले दोघं. आम्ही बोर्डापाशी मागे सरकलो. बाहेरच्यांपैकी वयाने मोठे होते ते बराच वेळ वाकून बघत होते. मग त्यांनी विचारलं, “ही अर्धी का?”

मला वाटलं, ती काही तरी मोठं, कलेच्या भाषेतलं सांगेल. तिची मित्रमंडळी तसं बोलताना मी सकाळपासून ऐकत होतो. पण ती म्हणाली, “चुकून.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं.

“मला एक्केचाळीस ते एकवीस म्हणजे एकच बाजू वाटली. म्हणून पाट लहान सांगितला. नंतर कळलं, की रांगोळी दोन्ही बाजूंना असते. दाट करून पूर्ण काढता आली असती, आम्ही करून पाहिलं. पण मी जिथे राहते तिथे समोरच्या दारात रोज अर्धी असते, कारण पुढे जिना आहे. मी काढलेल्या अडतीस घरांत पूर्ण रांगोळीएवढी जागा एकाकडेही नाही. मग मी पूर्ण काढली असती तर ती यांची झाली नसती.”

ती एकटीने चूक अंगावर घेत होती. ते मला बरोबर वाटलं नाही. मी पुढे झालो. “सर, तो हिशोब माझा होता. कागदावर सही माझी आहे.”

“तुम्ही कोण?”

“ही आमच्याकडे राहते. मी घरमालक.”

“आणि सकाळपासून पंख्यांचेही मालक,” मॅडम म्हणाल्या. दुसरे परीक्षक हसले. मोठे परीक्षक हसले नाहीत. ते आजींकडे वळले आणि त्यांनी मराठीत विचारलं, “समोरचं दार तुमचं का?”

“माझाच,” आजी म्हणाल्या. “तुमच्याकडे मोठा आंगण असात तर पुरी घाला. आमचा काय म्हणणा नाय.”

त्यावर ते गृहस्थ पुन्हा खाली वाकले आणि त्यांनी आणखी दहा मिनिटं ती रांगोळी बघितली. इतर कामांसमोर ते सरासरी चार मिनिटं थांबले. मी घड्याळ लावलं होतं.

रविवारी दालन सगळ्यांना खुलं होतं. बायकोने सोसायटीच्या ग्रुपवर कळवलं होतं. आमच्या इमारतीतली आणि शेजारच्या दोन इमारतींतली मिळून एकतीस माणसं आली, त्यांतल्या सव्वीस बायका. एरवी चित्रांच्या प्रदर्शनाला यांच्यापैकी कुणी जात नाही, मीही नाही. पहिली पाच मिनिटं सगळ्या हळू आवाजात बोलल्या. मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पाटाच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं.

“अगं, हे माझं ग्रिल. हा वाकलेला गज बघ, कपाट चढवताना वाकला होता.”

“मग माझं कुठाय?”

“तुझं नसेल घेतलं. तुझ्याकडे स्लायडिंग आहे ना.”

“म्हणजे काय, आम्ही राहत नाही का इथे?”

मुलगी मध्येच उभी होती आणि तिला दोन्ही बाजूंनी ओढलं जात होतं. जिचं ग्रिल नव्हतं तिची तिने मोडक्या मराठीत माफी मागितली. “स्लायडिंगला रेघ नाय, काकू.” त्यावर जो हशा उठला तो ऐकून मॅडम बाहेरच्या खोलीतून बघायला आल्या. दारात उभ्या राहिल्या, बायकांकडे बघितलं, रांगोळीकडे बघितलं आणि परत गेल्या.

निकाल सोमवारी येणार होता आणि तिचं विमान बुधवारी होतं. सोमवारी मी कामावर उशिरा जायचं ठरवलं. तोवरच्या नोकरीत पहिल्यांदाच. सकाळी नऊपासून ती फोन उलटा ठेवून पोहे चिवडत बसली होती. दहाला पाच कमी असताना तो वाजला. तिने वाचलं आणि फोन माझ्याकडे सरकवला.

“काका, तुम्ही तपासा.”

मी चष्मा लावला. दोनदा वाचलं, कारण एकदा वाचून सही करायची सवय त्या महिन्यात मोडली होती. सत्राचे तीसपैकी तीस श्रेयांक मंजूर. अंतिम कामाला तुकडीतली सर्वांत वरची श्रेणी. खाली मॅडमची एक ओळ होती, की गुण अर्धे देण्याचा विषय निघाला नाही.

“काय झालं?” बायको ओट्यापाशी उभी होती.

“सगळं धरलं,” मी म्हणालो. “तीसपैकी तीस.”

बायकोने गॅस बंद केला आणि मुलीचं डोकं खांद्याशी धरलं. ती बसलेली होती, आणि बसूनही बायकोच्या खांद्यापर्यंत येत होती. मग मुलगी उठली, दार उघडलं आणि समोरची बेल वाजवली. आजींनी कडी काढली.

“आजी,” ती म्हणाली, “पास.”

“आसतलंच,” आजी म्हणाल्या. “भितर ये. दोन आंबोळ्यो तव्यार आसत, तेवढ्यो खा आणि मग आवशीक फोन कर.”

ती आत गेली. आमच्या दारातून मला तिचा आवाज ऐकू येत होता. आजींच्या स्वयंपाकघरात उभी राहून, तोंडात घास घेऊन, ती तिच्या भाषेत आईशी बोलत होती. त्यातला एकच शब्द मला समजला, कारण तो तिने मराठीत उच्चारला. रांगोळी.